प्रशिक्षण निवडायचं तर आधी वह्या काढा

आमच्या केंद्रात, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटात, नवीन लागलेल्या एका शिक्षण सेवक मुलीचा मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला फोन आला. "मॅडम, ग्रुपवर एक कोर्स आलाय बघा. सहा रविवार ऑनलाइन, दोन हजार फी, शेवटी प्रमाणपत्र. करू का?"

१६ हजार मानधन, त्यातले २ हजार. मी लगेच हो-नाही काही बोलले नाही. माझ्या कपाटात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये अशी ४१ प्रमाणपत्रं आहेत. त्यातल्या किती प्रशिक्षणांनी माझ्या वर्गात काही हललं, असं कुणी विचारलं तर एका हाताची बोटं मोजून अंगठा उरतो. तेव्हा तिला म्हटलं, दोन दिवस दे, नीट सांगते. तिला जे सांगितलं तेच इथे जरा विस्ताराने लिहिते आहे.

मी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे. नोकरीला १९ वर्षं झाली. पट २३. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी बोलतेय ते या जागेवरून. इयत्तेला एक शिक्षक आणि शाळेला एक लिपिक असलेल्या मंडळींनी आपल्या मापाने कापून घ्यावं.

लागलेलं वेगळं, निवडलेलं वेगळं

आपल्याकडे प्रशिक्षण 'लागतं'. निवडणुकीची ड्युटी लागते तसं. केंद्रप्रमुखांचा मेसेज येतो, यादीत नाव असतं, सकाळी दहाला तालुक्याला हजर व्हायचं. केंद्र सरकारचं निष्ठा असो, निपुण भारतचं पायाभूत साक्षरतेचं असो, १२ वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचं असो, ते करायचंच आहे. त्यावर फार जीव जाळू नका. खरं सांगायचं तर लॉकडाऊनच्या काळात दीक्षा या सरकारी ॲपवरचे निष्ठाचे कितीतरी व्हिडिओ माझ्या ओट्यावर मोबाईल उभा करून भाकरी थापताना 'पूर्ण' झालेत. चाचणीची उत्तरं ग्रुपवर फिरत होती, ती मी पाहिली नाहीत असं म्हणणार नाही.

तरी लागलेल्या प्रशिक्षणातूनही एक गोष्ट काढता येते. जाताना आपला एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यायचा. वर्गातला, एका वाक्यात मावणारा. सुलभकाला, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्याला, विचारायला मिळालं तर उत्तम, नाहीतर चहाच्या वेळी शेजारच्याला विचारायचा. माझा अनुभव असा की उत्तर बहुतेक वेळा शेजारच्याकडूनच येतं.

निवड करायची ती उरलेल्या वेळाची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधले वर्षाला ५० तास सगळ्यांना पाठ आहेत, कारण ते भरून द्यावे लागतात. त्याच वाक्यात पुढे असंही आहे की हे तास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीतून, ओढीतून ठरावेत. वाक्याचं हे शेपूट परिपत्रकांत कुठे गळालं कोण जाणे. पण ते आहे, आणि 'मला हे नको, ते शिकायचंय' असं म्हणायला त्याचा आधार घेता येतो.

वह्यांचे ढीग

चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात हातच्याची वजाबाकी अडली होती. ५२ वजा २७, उत्तर ३५. दोनातून सात जात नाहीत ना? मग सातातून दोन काढले. प्रत्येक तिसरीच्या बाईने हे पाहिलेलं असतं. मी म्हटलं, मला वजाबाकी शिकवता येत नाही. तेवढ्यात तालुक्याला गणिताचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, आपणहून नाव दिलं. चांगलं झालं प्रशिक्षण. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, गठ्ठा सोडायचा, सुट्या करायच्या, मग काढायच्या. परत आल्यावर महिनाभर वर्गात काड्याच काड्या. पोषण आहाराच्या ताई म्हणायच्या, "बाई, चुलीला न्यू का थोड्या?" आणि महिन्यानंतर वहीत पुन्हा तेच.

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर अकरा वह्या घेऊन बसले आणि बरोबर-चूक असे दोन ढीग न करता चुकीच्या जातीप्रमाणे ढीग केले. हे काम फार साधं आहे, पण नोकरीच्या पंधरा वर्षांत एकदाही केलं नव्हतं. आपण वही तपासतो म्हणजे फुल्या मारतो. फुली कशी पडली हे बघत नाही.

एका ढिगात उदाहरणच चुकीचं उतरवलेलं होतं. मी तोंडी सांगितलं होतं, 'बावन्नातून सत्तावीस वजा करा', आणि वहीत होतं २५ − ७२. आता बिचारं पोरगं पंचविसातून बहात्तर कसे काढणार? मग ते सोयीने उलटसुलट करतं, काहीतरी उत्तर काढतं आणि मी त्याच्यावर 'हातचा येत नाही' असा शिक्का मारते.

सोमवारी तेच उदाहरण दोन प्रकारे दिलं. आधी तोंडी, मग फळ्यावर लिहून. अकरापैकी सहा जणांनी तोंडी दिलेली संख्या उलटी लिहिली. त्या सहातल्या चौघांचं फळ्यावरचं उदाहरण बरोबर होतं, हातच्यासकट. म्हणजे काड्यांनी काम केलं होतं. माझा प्रश्नच दुसरा होता.

तुम्हीच 'बावन्न' मोठ्याने म्हणून पाहा. त्यात आधी ऐकू येतो 'बा', म्हणजे दोन. मागून येतं 'वन्न', म्हणजे पन्नास, आणि त्यात पन्नासही धड ऐकू येत नाही. लिहायचं मात्र आधी पाच, मग दोन. सत्तावीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव, सगळ्यांची तीच गत. एकोणतीस म्हटलं की कान 'तीस' पकडतो आणि हात ३९ लिहितो. कानडीत किंवा इंग्रजीत पन्नास आधी आणि दोन नंतर येतात, तिथे ऐकण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे कारण समजावून सांगत होत्या. त्या दिवसांत मीही ग्रुपवर विनोद पुढे ढकलले होते. अकरा वह्या समोर घेऊन बसले तेव्हा त्याची लाज वाटली.

म्हणून माझी पहिली पायरी ही. कुठलंही प्रशिक्षण बघायच्या आधी एका विषयाच्या, एका आठवड्याच्या वह्या घ्या आणि चुकांचे ढीग करा. भाषेचा प्रश्न असेल तर वही नको, प्रत्येक मुलाला दोन मिनिटं शेजारी बसवून वाचायला लावा आणि अडखळलं ते अक्षर नोंदवा. ढीग झाले की प्रश्न एका वाक्यात लिहा. 'मुलं गणितात कच्ची आहेत' हा प्रश्न झाला नाही. 'ऐकलेली दोन अंकी संख्या माझी सहा मुलं उलटी लिहितात' हा झाला. असा प्रश्न हातात असला की पुढची निवड निम्मी झालेली असते. ग्रुपवरचे दहातले नऊ कोर्स आपोआप गळतात.

नाव द्यायच्या आधी

उरलेल्या एकासाठी थोडी चौकशी करायची. आपण भाजी घेताना करतो तेवढीच.

शिकवणारा माणूस शेवटचा वर्गावर कधी होता? प्राथमिकच्या मुलांपुढे उभा राहून किती वर्षं झाली? मोठी पदवी असेल तर असू द्या, पण चाळीस मिनिटांत तीन मुलं पाणी प्यायला जातात आणि एक रडतं, हे त्याला माहीत असायला हवं.

मुलांचं काम समोर ठेवून बोलणार आहेत का? वह्या, चित्रं, वाचनाचं रेकॉर्डिंग, काहीही. नुसत्या पीपीटीवर चालणार असेल तर ती पीपीटी मागून घ्या आणि रविवारी घरी झोपा.

मध्ये खंड आहे का, आणि खंडानंतर पुन्हा भेट आहे का? मी तर एवढा एकच प्रश्न विचारून निर्णय घ्यायला तयार आहे. सलग पाच दिवसांपेक्षा दोन दिवस, मग तीन आठवडे वर्गात करून बघणं, मग पुन्हा एक दिवस, हे केव्हाही बरं. पहिल्या दोन दिवसांत सगळं पटतं. खरे प्रश्न वर्गात करून बघितल्यावर पडतात आणि तेव्हा विचारायला माणूस हवा असतो. माझ्या ४१ पैकी फक्त तीन ठिकाणी कुणी नंतर फोन करून 'काय झालं?' असं विचारलं. वर बोटांवर मोजलेली चार आहेत ना, त्यात ही तिन्ही आली.

आणि खर्च. फी आपण बघतो, बाकीचं बघत नाही. एसटीचं भाडं, राहायचं, किरकोळ रजा. माझ्यासारख्या शाळेत सगळ्यात मोठा खर्च मुलांचा. मी तीन दिवस गेले की सरांकडे चार इयत्ता, शिवाय पोषण आहाराची नोंद, शिवाय कुणी ऑनलाइन माहिती 'आजच्या आज' मागितली तर तेही. त्या तीन दिवसांत माझी मुलं जवळजवळ सुट्टीवर असतात. म्हणून जूनचे पहिले पंधरा दिवस आणि परीक्षेच्या आधीचा महिना मी कितीही चांगलं काही असलं तरी जात नाही. दिवाळीची आणि मेची सुट्टी त्यासाठी बरी. सुट्टीतले दोन दिवस गेले की घरचे कुरकुरतात, ती कुरकुर प्रत्येकाने आपापली सोसावी.

प्रमाणपत्राबद्दल एवढंच सांगते की ज्या जाहिरातीत प्रमाणपत्राचा फोटो शिकवणाऱ्याच्या नावापेक्षा मोठा असतो, तिथे मी थांबत नाही.

कुठे बघायचं

जिल्ह्याचं डाएट, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सरकारी संस्था, आधी. आपण तिथे फक्त बोलावल्यावर जातो. आपणहून एक लेखी प्रश्न घेऊन गेलं तर तिथले विषयाचे लोक वेळ देतात, कारण असं कुणी येतच नाही.

वाचन-लेखनासाठी आमच्या जिल्ह्यात फलटण आहे. मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली प्रगत शिक्षण संस्था आणि तिचं कमला निंबकर बालभवन. पहिलीचं वाचन अडलं असेल तर तिथला वर्ग बघून यावा. पालघरकडे सोनाळ्याला क्वेस्ट या संस्थेचं काम त्याच प्रकारचं, विशेषतः जिथे घरची बोली आणि पुस्तकाची मराठी लांब असते तिथल्या शिक्षकांसाठी. विज्ञान-गणिताला मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी उभी केलेली सृजन आनंद शाळा. पैसे नाहीत, रजा नाही, तर 'पालकनीती' मासिक किंवा 'शैक्षणिक संदर्भ'चे अंक मिळवा आणि दोघी-तिघींनी मिळून एकेक लेख वाचा. तेही प्रशिक्षणच, फक्त हजेरीपट नाही.

शाळा बघायला जाताना एक सावधगिरी. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या दिवसांत, २०१५-१६ च्या सुमाराला, आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे शाळांचा एक गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या यायच्या. मीही गेले होते. तिथली मुलं गटात बसून आपलं आपण काम करत होती, बाई मधूनमधून जाऊन एखादा प्रश्न विचारत होत्या. मी परत येऊन काय केलं? लोकवर्गणी काढून फरशीवर रंगवून घेतलं. एक ते शंभरचा तक्ता, बाराखडी, सापशिडी. फोटो काढले. मुलं त्या फरशीवर पूर्वीसारखीच रांगेत बसायची आणि मी पूर्वीसारखीच पुढून बोलायची. डोळ्याला दिसलं तेवढं उचललं. बाई कोणता प्रश्न विचारतात आणि विचारून किती वेळ गप्प राहतात, ते लिहून घ्यायला हवं होतं. आता कुठेही गेले की वहीत उभी रेघ मारते. डावीकडे मूल काय म्हणालं, उजवीकडे बाई काय म्हणाल्या. भिंतींचे फोटो काढत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड

उलट्या संख्यांचा माझा प्रश्न शेवटी कुठे सुटला ते राहिलं. केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, मी तो मांडला. नेहमीप्रमाणे दोघांनी 'पाढे पाठ करून घ्या' सांगितलं. पण निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेले शेजारच्या शाळेतले एक गुरुजी चहाच्या वेळी म्हणाले, "बाई, एक दिवस वर्गात येऊन बसा की."

एक किरकोळ रजा टाकली आणि गेले. मागे खाली बसले. गुरुजींकडे पुठ्ठ्याची कार्डं होती. दशकांची लांब (दहा, वीस, पन्नास), सुट्यांची निम्म्या लांबीची. पन्नासच्या कार्डावर शून्य झाकून दोनचं कार्ड ठेवलं की बावन्न. कार्डं नवी नव्हती, प्रशिक्षणांत मीही ती दोनदा पाहिली होती. नवं होतं ते गुरुजींचं थांबणं. ते म्हणायचे, "त्रेसष्ट", आणि गप्प. पेन्सिलीला हात लावायचा नाही. मुलं पुटपुटायची, "त्रे... सष्ट... साठ तीन." आधी साठचं कार्ड उचलायचं. एका मुलीने आधी तीन उचललं, हातात धरून ठेवलं. गुरुजी बघत होते. मला तोंडातून "अगं, आधी साठ" असं निघेलसं झालं. बराच वेळ गेला. मग तिने तीनचं कार्ड डाव्या हातात घेतलं, उजव्याने साठ शोधलं, खाली ठेवलं आणि वर तीन. मग पेन्सिल उचलून लिहिलं. गुरुजींनी 'शाब्बास'सुद्धा म्हटलं नाही, पुढची संख्या सांगितली.

मी माझ्या वर्गात किती वेळ थांबते ते दुसऱ्या दिवशी मोजलं. जेमतेम 'एक, दोन' म्हणेपर्यंत.

तेव्हापासून आम्ही तिघं महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गात बसतो. मी, ते गुरुजी, आणि पलीकडच्या वाडीवरच्या एक मॅडम. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे बघतात आणि मग बोलतात, हे तिथे शंभरेक वर्षांपासून चालत आलंय. आमचं त्याचंच पाटणी रूप. नियम थोडे आहेत. बघणाऱ्याने शिकवणाऱ्याकडे बघायचं नाही, ठरलेल्या तीन मुलांकडे बघायचं. नंतर बोलताना 'पाठ छान झाला' म्हणायचं नाही, त्या तीन मुलांनी काय केलं तेवढंच सांगायचं. आणि हे केंद्रप्रमुखांच्या नोंदवहीत जात नाही, नाहीतर त्याचा तक्ता होईल आणि मग संपलंच.

पहिल्या वेळी माझ्या वर्गात दोघं येऊन बसले तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी जातं. अवघड म्हटलं ते एवढ्यासाठी.

शिकून आल्यावर एकच गोष्ट वर्गात आणायची. तीन दिवसांत वीस गोष्टी सांगतात, त्यातली एक. ती तीन आठवडे रोज करायची आणि मग पुन्हा तेच ढीग. मी जुलैत सुरू केलं, दिवाळीपर्यंत सहाची दोन मुलं राहिली. त्यातलं एक मूल आई-बापाबरोबर कामाला बाहेरगावी जाऊन येऊन होतं, त्याची शंभरपर्यंतची मोजणीच झालेली नव्हती. दुसऱ्याला मी जवळ बसवून संख्या सांगितल्या तर तो बरोबर लिहायचा, लांबून चुकायचा. त्याचा कान वाहत होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, औषध झालं, आणि तो पहिल्या रांगेत बसायला लागला. दोन वर्षं मी त्याला 'लक्ष नसतं' म्हणत होते.

तर, फोन करणाऱ्या मुलीला मी म्हटलं, दोन हजार तुझ्याकडेच ठेव, आधी एका आठवड्याच्या वह्या काढ. तिचा जरा हिरमोड झाला. कोर्सची शेवटची तारीख जवळ होती आणि लवकर नाव देणाऱ्याला पाचशे रुपये सूट होती.

परवा तिचा फोटो आला. सतरंजीवर वह्यांचे चार ढीग, प्रत्येकावर खडूचा तुकडा. खाली लिहिलं होतं, "मॅडम, तीन कळले. चौथ्यात काय चुकतंय तेच कळत नाहीये." मी फोटो मोठा करून पाहिला, मलाही कळेना. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजींना घेऊन तिच्याकडे जाणार आहे, साडेअकराची एसटी मिळाली तर.